यांच्या नावावरची गाडी मोडीत काढू का?

ताई, नमस्कार.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी आमचे हे गेले. यांनी मार्च २००८ मध्ये घेतलेली पेट्रोलची लहान गाडी घरात आहे. २०२३ साली यांनीच आरटीओत खेपा घालून पाच वर्षं वाढवून आणली, म्हणजे कागद मार्च २०२८ पर्यंत आहेत. आरसी आणि विमा अजून यांच्याच नावावर आहे. गाडी मी चालवते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी यांनीच मला शिकवली. भाजी, बँक, डॉक्टर, आणि महिन्यातून एकदा देवासला बहिणीकडे, असे महिन्याला साडेतीनशे किलोमीटर होतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात यांची एक वही आहे. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. मीही लिहीत असते. वहीत पूर्वी अ‍ॅव्हरेज पंधरा-सोळा दिसतं, हल्ली बारा पडतं.

पुण्याचा मुलगा म्हणतो, 'आई, जुनी गाडी मोडीत काढली तर सरकार लाखभराची सवलत देतं, जीएसटीही उतरलाय, जास्त अ‍ॅव्हरेजची नवी घे. लाख मी घालतो, सहा लाखांचं कर्ज काढू.' ग्वाल्हेरचे भाऊजी म्हणतात, पंधरा वर्षांवरची गाडी सरकार उचलून नेतं, त्याआधी विका. कॉलनीत येणारा कबाडी पस्तीस हजार रोख देतोय, कागदबिगद काही नको म्हणतो. सुट्टीत आलेली नात म्हणाली, 'आजी, तुझी गाडी धूर सोडते, आणि आपलं इंदूर तर स्वच्छतेत एक नंबर ना?' गाडी काढली तर यांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढल्यासारखं वाटेल, आणि ठेवली तर नातीला काय सांगू? रात्री झोप लागत नाही.

एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

गाडी ठेवायची की काढायची ते आपण सावकाश बघू. त्याला घाई नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात: आरसी आणि विमा अजून यजमानांच्या नावावर आहे.

मालक वारला की वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. त्या अर्जाला फॉर्म ३१ म्हणतात. त्या तीन महिन्यांपुरती गाडी वापरायला कायदा मुभा देतो. विम्याचंही तसंच. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालते, आणि तेवढ्या वेळात ती वारसाच्या नावावर व्हावी लागते. तुम्ही दीड वर्ष हप्ता भरताय, पावती येतेय, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण उद्या देवासच्या रस्त्यावर कुणाला धक्का लागला, तर कंपनीचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल की पॉलिसीवरचे गृहस्थ कुठे आहेत. मला तुमच्या गाडीच्या धुरापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

तेव्हा नवी गाडी, सवलत, कबाडी हे सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी, तुमचं ओळखपत्र, वारस असल्याचा कागद आणि मुलाची लेखी संमती एका फाइलीत घाला आणि नायता मुंडल्याच्या आरटीओत जा. उशीर झालाय, थोडा दंड भरावा लागेल, तो भरा. आरसी तुमच्या नावावर होताना नॉमिनी म्हणून मुलाचं नाव घालायला सांगा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. तुमच्यावर जी धावपळ आली ती त्याच्यावर यायला नको. मग तीच आरसी घेऊन विमा कंपनीत जा. यजमानांनी बरीच वर्षं क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, साठलेला असणार. तीच गाडी पत्नीकडे आली की तो बोनसही तिच्याकडे येतो. तो मागून घ्या, स्वतःहून कुणी देईलच असं नाही.

पुढे गाडी मोडीत काढायची ठरली तरी हे कागद लागणारच आहेत. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्र मालकाच्या कागदांशिवाय गाडी घेत नाही. म्हणजे दोन्ही वाटांचा पहिला थांबा हाच आहे.

आता मुलाचा लाख रुपयांचा हिशेब. त्याची माया खरी आहे, आकडा मात्र फुगलेला आहे. वाहन मोडीत काढण्याचं धोरण १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालं. त्यात गाडी सरकारमान्य केंद्रात दिली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं आणि नवी गाडी घेताना ते दाखवून सवलती घेता येतात. साडेसहा लाखांच्या गाडीवर त्या किती होतात ते मांडून बघू. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळावी असा सरकारचा अंदाज होता. ती सव्वीस ते एकोणचाळीस हजार होते, आपण तीस धरू. कंपन्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वर्षभरासाठी जी सवलत कबूल केली ती दीड टक्का किंवा वीस हजार, यांतली कमी असेल ती, आणि तीही गेल्या सहा महिन्यांत मोडलेल्या गाडीवर. म्हणजे पावणेदहा हजार. आज ती चालू आहे का ते शोरूममध्ये लेखी विचारा. रस्ता करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सूट आहे. त्यातला 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा, कारण प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवतं. कर पन्नास हजार बसला असं समजून पूर्ण सूट धरली तरी साडेबारा हजार होतात. नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, ते सहाशे रुपये.

सगळं मिळून बावन्न-त्रेपन्न हजार झाले. त्यातले तीस हजार तर तुमच्याच गाडीच्या लोखंडाचे, ते सवलतीत कसे धरायचे? खरी सवलत उरते बावीस-तेवीस हजारांची. ती चांगलीच आहे, पण तेवढ्यासाठी सहा लाखांचं कर्ज काढायचं का, हा प्रश्न आहे. जीएसटीचं मुलगा बरोबर सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला. पण ती सूट जुनी गाडी मोडा किंवा ठेवा, सगळ्यांनाच आहे. जुनी मोडण्याशी तिचा संबंध नाही.

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. 'एक्स्चेंज' आणि 'स्क्रॅप' एकच समजतात. एक्स्चेंजमध्ये शोरूम तुमची गाडी घेतं आणि पुढे दुसऱ्याला विकतं. गाडी रस्त्यावरच राहते, सर्टिफिकेट मिळत नाही आणि करातली सूटही मिळत नाही. बहुतेक ठिकाणी दोन्ही सवलती एकत्र देत नाहीत. शोरूममधल्या पोरानं 'एक्स्चेंज बोनस' म्हटलं की विचारा, गाडी मोडणार की विकणार?

मग पेट्रोल वाचतं त्याचं काय? इथे यजमानांची वही कामाला येते. किती घरांत असा हिशेब असतो, ताई! लोक अंदाजानं बोलतात, तुमच्याकडे लिहिलेलं आहे. महिन्याला साडेतीनशे म्हणजे वर्षाला ४२०० किलोमीटर. बाराच्या अ‍ॅव्हरेजनं ३५० लिटर पेट्रोल लागतं. नवी गाडी वीस देते असं धरलं तर २१० लिटर. वाचले १४० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला १४,७०० रुपये.

आता सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण १२,४५० रुपये बसतो. वर्षभर पेट्रोल वाचवून जेमतेम सव्वा महिन्याचा हप्ता निघतो. उरलेले पावणेअकरा महिने तुमच्या पेन्शनमधून किंवा मुलाच्या खिशातून जाणार. आणि ते वीसचं अ‍ॅव्हरेजही शहरात मिळत नाही. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतही नाही, तिथे नवी गाडीही जास्त पिते.

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसानं हेच विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, घ्या नवी, थांबू नका. त्याचं गणित वेगळं येतं. सवलतीचा कागद सगळ्यांना सारखाच मिळतो, पण गाडी बदलल्याचा फायदा कोण किती फिरतो त्यावर ठरतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी किलोमीटर मोजा.

नातीचा प्रश्न मात्र मला मुलाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. तिला टाळू नका, तिच्याशी खरं बोला. धूर दोन तऱ्हेचा असतो. एक दिसणारा, जो शेजारच्या माणसाच्या छातीत जातो. दुसरा न दिसणारा, हवामान तापवणारा. दुसऱ्याचा हिशेब आधी सांगते, कारण तो पुष्कळांना उलटा वाटतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमचे १४० लिटर वाचले तर वर्षाला सव्वातीनशे किलोच्या आत-बाहेर वाचेल. पण नवी गाडी आभाळातून पडत नाही. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, काच, प्लास्टिक, रबर हे सगळं घडवताना एका लहान गाडीमागे काही टन कार्बन हवेत जातो. पाच टन धरले तरी तुमच्या फिरण्यात तो भरून यायला पंधरा वर्षं लागतील. नातीला ही वजाबाकी कागदावर करायला लावा. तिला समजेल.

अमेरिकेनं २००९ मध्ये अशीच योजना काढली होती. एक अब्ज डॉलर ठेवले ते काही दिवसांतच संपत आले, मग आणखी दोन अब्ज घातले. पावणेसात लाखांच्या वर जुन्या गाड्या आल्या आणि त्यांची इंजिनं पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून त्यांत सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ती कायमची जाम केली. पण तिथली अट बघा. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी असावं, म्हणजे लिटरला साडेसातच्या आसपास. आणि नवी कार किमान २२ मैलांची हवी, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरची. तुमची बारा देणारी जुनी गाडी त्या योजनेत बसलीच नसती. उलट तिथे ज्या नव्या गाड्यांवर बक्षीस मिळत होतं त्यांतल्या कित्येकींपेक्षा तुमची कमी पेट्रोल पिते.

आपल्या योजनेत मला एक गोष्ट खटकते, ती इथे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे नव्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजची अटच नाही. बारा देणारी लहान गाडी मोडून दहा देणारी मोठी घेतली, तरी सर्टिफिकेटवर करातली सूट मिळते. जुनी, धोकादायक, धूर ओकणारी वाहनं रस्त्यावरून काढणं हा या धोरणाचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पंचवीस वर्षांचे ट्रक आणि बस एबी रोडवरून जाताना काय सोडतात ते आपण रोज बघतो. पण पेट्रोल वाचवणं त्यात आपोआप येत नाही. ते घेणाऱ्यानं स्वतः बघायचं.

आता दिसणारा धूर. सकाळी गाडी चालू करा आणि मागे जाऊन उभ्या राहा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येते, ती पाण्याची असते, दोन-चार मिनिटांत जाते. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा नीट जळत नाहीये. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, सेन्सर असल्या दुरुस्तीनं तो बहुधा बरा होतो. निळसर धूर असेल आणि इंजिन ऑइल सारखं कमी होत असेल तर इंजिन आतून झिजलंय. तसं असेल तर नात बरोबर आहे, आणि मग गाडीला निरोप द्या. त्या इंजिनावर पन्नास हजार घालू नका. एवढ्या जुन्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी करावीच लागते, पण या खेपेला केंद्रावर नुसता कागद घेऊ नका, नळी लावून खरंच तपासायला सांगा.

पंधराचं बारा का झालं हेही शोधायला हवं. नुसत्या वयानं इतकं उतरत नाही. टायरमधली हवा, व्हील अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक, जुना एअर फिल्टर, असली साधी कारणं निघतात. थोडा वाटा पेट्रोलचाही आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बनावटीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं लिहिलेलं होतं. मेकॅनिककडून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्या, जुनं रबर इथेनॉलनं लवकर खराब होतं. तीन-चार हजारांच्या कामात बाराचं चौदा झालं तर वर्षाला पन्नास लिटर वाचतील. नव्या गाडीनं जेवढं वाचणार होतं त्याचा हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग झाला, आणि तोही कर्जाशिवाय.

भाऊजींची भीती एका ओळीत संपते. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी, हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आली. इंदूर त्यात नाही, ग्वाल्हेरही नाही. आपल्याकडे आरसीची मुदत आहे, पीयूसी आणि विमा आहे तोवर गाडी कायदेशीर आहे. फक्त ही गाडी घेऊन दिल्लीला जाऊ नका.

कबाड्याबद्दल मात्र मी थोडं सविस्तर लिहिणार आहे. माझ्या वडिलांची स्कूटर आम्ही अशीच दिली होती. दारावर आलेला माणूस, अठराशे रुपये रोख, 'आरसीची काय गरज, उद्या तुकडे होतील.' आम्हाला बरंच वाटलं, अंगण मोकळं झालं. चार वर्षांनी घरी पोलीस आले. स्कूटरचे तुकडे झालेच नव्हते. कुणीतरी तिला रंग मारून चालवत होतं, एका म्हाताऱ्या माणसाला उडवून पळून गेलं होतं, आणि कागदावर मालक माझे वडील. त्यांचं वय तेव्हा एकाहत्तर. त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं हे विचारायला वडील स्वतः इस्पितळात गेले होते. तो गाडीचा दोष नव्हता, त्यांचाही नव्हता, पण ते शेवटपर्यंत तो स्वतःचाच मानत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. पस्तीस हजारांसाठी ही टांगती तलवार डोक्यावर घेऊ नका. आणि तुमच्या बाबतीत तर आरसीवर नाव गेलेल्या माणसाचं आहे. त्यांच्या नावानं असं काही घरी यावं हे तुम्हाला सोसणार नाही.

दुसरं असं की उघड्यावर गाडी तोडणारा माणूस आधी ऑइल जमिनीत सोडतो, बॅटरीचं आम्ल नाल्यात, एसीचा गॅस हवेत. सरकारमान्य केंद्राला हे सगळं आधी वेगळं काढावं लागतं. आपण इंदूरकर ओला कचरा, सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकतो, मुलांना तसंच शिकवतो. मग टनभर वजनाची आख्खी गाडी न निवडता कशी टाकायची? नातीला हा मुद्दा सांगा, तिला तो लगेच पटेल.

आता माझं मत. धूर निळा नसेल आणि पत्र्याला, चॅसीला गंज नसेल, तर दुरुस्ती करून ही गाडी मार्च २०२८ पर्यंत शहरापुरती वापरा. तेव्हा ती वीस वर्षांची होईल. पुन्हा वाढवायची तर वीस वर्षांवरच्या गाडीची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालीय, वर फिटनेस तपासणी. त्या वेळी ती मोडीत काढणं योग्य राहील, आणि तोवर मुलाचा तो लाख मुदत ठेवीत वाढत राहील.

एका बाबतीत मात्र मी मुलाच्या बाजूची आहे, आणि त्याचा पेट्रोलशी काही संबंध नाही. २००८ च्या लहान गाड्यांत बहुधा एअरबॅग नसायच्या, एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसायचं. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅगही त्याच वर्षी. देवासच्या हमरस्त्यावर ट्रकांच्या मधून, मागच्या सीटवर नात बसलेली, असं तुम्ही जात असाल तर मला ते पसंत नाही. देवासला बसनं जा किंवा टॅक्सी करा. महिन्यातून एक फेरी आहे, हप्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. हमरस्त्यावरचं जाणं वाढणार असेल, बहिणीची तब्येत वगैरे कारणानं आठवड्याला जावं लागणार असेल, तर मात्र २०२८ ची वाट बघू नका. तेव्हा नवी घ्या, पण सुरक्षिततेसाठी घेतोय हे मनाशी स्पष्ट ठेवून घ्या. म्हणजे मग सनरूफ आणि मोठा स्क्रीन बघण्याऐवजी एअरबॅग किती आणि धडक चाचणीत किती तारे, हे बघाल.

जेव्हा काढाल तेव्हा कशी काढायची तेही सांगून ठेवते. परिवहन खात्याच्या पोर्टलवर स्क्रॅपिंगसाठी अर्ज करता येतो, मान्यताप्राप्त केंद्रांची यादीही तिथेच मिळते. दोन-तीन केंद्रांकडून भाव घ्या, वजनावर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत आहे का यावर तो बदलतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात. दुरुस्तीच्या वेळी कुणी 'हा काढून टाकू, अ‍ॅव्हरेज वाढेल' म्हणालं तर अजिबात काढू देऊ नका. गाडीवर कर्जाचा बोजा, चलान, थकीत कर काही नसावं. पैसे बँक खात्यातच घ्या. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि काही दिवसांनी गाडी खरोखर मोडल्याचं दुसरं प्रमाणपत्र येतं, तेही मागून घ्या. आरटीओच्या नोंदीत गाडी रद्द झालेली दिसली की फास्टॅग बंद करा आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. मुलानं सांगितलेल्या सवलतींत हे नव्हतं, पण कदाचित याचेच पैसे सगळ्यांत सहज मिळतील. सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावे करता येतं, तेव्हा तुम्हाला नवी गाडी नकोच असेल तर मुलाला उपयोग होऊ शकतो. पुण्यात चालेल का ते त्यानं आधी तिथल्या आरटीओत विचारावं.

राहिलं यजमानांचं. ताई, त्यांनी तुम्हाला बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकवली, कारण तुम्ही कुणावर अवलंबून राहू नये असं त्यांना वाटत होतं. सुदामा नगरातून तुम्ही एकट्या बँकेत जाता, देवासला जाता, ते त्यांनीच दिलेलं आहे. ते गाडीबरोबर भंगारात जाणार नाही. आज किंवा २०२८ ला, जेव्हा ती नेतील, तेव्हा मुलाला आणि नातीला बोलावून घ्या. शेवटची चक्कर तुम्ही स्वतः मारा, नातीला शेजारी बसवून. पेट्रोल भरलं असेल तर नेहमीसारखं वहीत लिहा: तारीख, लिटर, किलोमीटर.

आणि गाडी देण्याआधी कप्पा रिकामा करताना ती वही काढून घ्यायला विसरू नका. पुढच्या गाडीतही तीच चालू ठेवा.